घंटी नक्की कोणाच्या घरात वाजली?

भुताखेतांच्या गोष्टी घेऊन येणाऱ्या बाईला मी ओट्यावर बसूच देत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहिते आहे, कारण हे घडलं माझ्याच स्वयंपाकघरात — आणि भरदिवसा.

आम्ही ख्रिस्ती. नवरा आणि धाकटा दीर दोघेही कर्जतच्या इंजिन-शेडमध्ये, राहायला रेल्वेच्या चाळीत. इथे आमचं चर्च नाही. महिन्यातून एका रविवारी कल्याणहून फादर पॅसेंजरने येतात आणि कोणाच्या तरी घरी मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, करतात. तो मान माझ्या घराचा होता. मग दिराला मोठी खोली मिळाली आणि मिस्सा गेली माझ्या जावेकडे, रोझीकडे. टेबल माझं, पांढरी चादर माझी... तीही उचलून नेली! फादरना विचारलं, तर म्हणाले, "बाई, देव सगळीकडे असतो. त्याला खोली लहानमोठी नसते."

मग मोठी खोली कशाला हवी होती?

पुढच्या मिस्सेच्या रविवारी मी गेलेच नाही. मिस्सेत ओस्ती, म्हणजे देवाचं शरीर म्हणून मिळणारी पातळ भाकरी, घ्यायची, तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नाही. मी उठल्या उठल्या कपभर चहा प्यायले — नंतर मन बदललं तरी ओस्ती घेता येऊ नये म्हणून.

नवरा म्हणाला, "अगं, लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत. देव सगळीकडं हाय ना? मग इथंबी येईल."

तो एकटाच गेला. मी तांदूळ निवडायला बसले... आणि घंटी वाजली. फादर ओस्ती वर उचलतात तेव्हा वाजते ती, बारीक. चुलीपाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर. स्टेशनची घंटा मी रोज ऐकते, देवळातलीही ऐकते. ही त्यांतली नव्हती. मी गुडघे टेकले. भीती नाही वाटली, आनंद झाला. माझ्याकडे आला! रोझीकडे नाही!

तशीच तिच्याकडे गेले. बाहेरच्या खोलीत माणसं उपाशीपोटी जांभया देत बसलेली. फादर आलेच नव्हते. गार्डाने निरोप आणला होता, ताप आलाय. आणि घंटी तर फादरच्या पेटीत, कल्याणला.

मी सगळ्यांदेखत सांगितलं. दीर हसला, "वैनी, तुमी चाय प्यायलात ना, ती पोटात वाजली आसंल."

आतून रोझी आली, हात पिठाचे, चेहरा उतरलेला. "बाय... माज्या चुलीपाशी वाजली. आत्ताच. मला वाटलं, मला एकलीलाच."

माझं तोंड कडू झालं. तेवढ्यात मागच्या दारी मोळी विकायला आलेली हिरी ठाकरीण म्हणाली, "माज्या बी कानाशी वाजली गं. कुनाची बकरी सुटली?"

बाप्तिस्मा नाही, काही नाही, आणि तिलाही!

महिन्याने फादर आले. म्हणाले, घंटी वाजली त्या सकाळी ते अंथरुणातून उठलेच नव्हते, पेटी बंद होती. मग समजावू लागले — देव सगळीकडे असतो आणि जिथे असतो तिथे अख्खा असतो, त्याची वाटणी होत नाही.

"म्हणजे रोझीलाही अख्खा?"

"हो."

"आणि हिरीला?"

"हो, बाई."

घरात भाकरी मी वाढते. एकीला अख्खी दिली की दुसरीला उरत नाही. फादरचं गणित मला अजून जमलेलं नाही.

घंटीचा उलगडा कोणालाच झाला नाही, मलाही नाही. तिच्याकडे किती वेळ वाजली, हे रोझीला विचारायचं राहिलंय. विचारत नाही. माझ्याहून जास्त वेळ वाजली असली तर?