उरका म्हणणारं बोट

न्यू जर्सीत मास्टर्स करताना मी टीव्हीच्या इतिहासाचा एक कोर्स घेतला होता. शिकवणारा म्हातारा मूळचा दिग्दर्शक; टीव्ही नवा होता तेव्हा तो दर आठवड्याला एक नवं नाटक लाइव्ह करायचा, आणि त्याची घमेंड चाळीस वर्षांनीही उतरली नव्हती. लाइव्हमध्ये नटांना ओरडून सांगता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा असायच्या. त्या त्याने आम्हाला पाठच करायला लावल्या. हवेत बोट गरगर फिरवलं की उरका. दोन्ही हातांनी च्युइंगम ताणल्यासारखं केलं की वेळ उरलाय, बोलत राहा.

एकदा त्याने स्वतःचं जुनं नाटक दाखवलं. त्यात एक भारतीय नोकर होता, म्हणजे तोंडाला तपकिरी रंग फासलेला गोरा नट. तासभर तो वाकून वाकून ट्रे पुढे करत होता. माझं डोकंच फिरलं. नागपूरच्या कॉलेजातल्या सवयीने मी उभी राहिले.

"सर, याला एकही वाक्य का नाही?"

उभं राहून बोलणारी आणि सर म्हणणारी वर्गात मी एकटीच, त्यामुळे बाकीचे हसले. मी पुढे बोलू लागले, तर या गृहस्थाने माझ्याकडे न बघताच बोट गरगर फिरवलं.

मी बसले नाही. "उरकलं, सर. आता उत्तर द्या."

"तो काळच तसा होता," तो म्हणाला. आणि टेबलावरचे कागद आवरू लागला.

तास संपायला वीस मिनिटं होती. मी दोन्ही हात वर केले आणि त्याच्या तोंडासमोर सावकाश ताणले.