मेजरांच्या रानात काय ओतलं

फसवलं मी, आणि फसले मेजर. एवढं आधी सरळ लिहून टाकतो. नाहीतर सवयीप्रमाणे मी तुमच्याशीही घासाघीस करत बसेन — थोडं खरं तुमच्या पदरात, थोडं माझ्या. आजवर हे कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही. देवाला म्हणे न सांगता कळतं. मग सांगायचं कशाला, असं म्हणून तिथूनही सुटलो.

धंदा आधी सांगतो, म्हणजे नाक मुरडायचं ते आत्ताच मुरडून घ्या. मी लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसतो. वडूजला आणि भोवतालच्या गावांत कुणाची सेप्टिक टाकी तुंबली की माझा टँकर येतो, पाइप सोडतो, भरतो आणि जातो. कुठं जातो? हे मला कुणी कधी विचारलं नाही. झाकण लागलं की घरमालकापुरता तो मैला जगातून नाहीसा होतो. बंगल्यातला माणूसही दारातूनच बोलतो, पाणी विचारत नाही. याचा राग माझ्या पोटात फार जुना आहे. पण राग हे कारण नाही. आत्तापासूनच कारणं देऊ नयेत.

तर कुठं जातो — ओढ्यात, नाहीतर शेतात. आमचा भाग कोरडवाहू. इथं मैल्याला शेतकरी नाक मुरडत नाही, सोनखत म्हणतो. नांगरटीआधी रानात चर मारायचे, त्यात टँकर सोडायचा, उन्हाळाभर तापू द्यायचं आणि मग माती पालटायची. जुनी रीत आहे. बरोबर की चूक ते शिकलेल्यांनी ठरवावं, पण पीक यायचं.

मेजर आमच्या जवळच्याच गावचे. सैन्यातून हवालदार म्हणून परत आले, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच. पेन्शन होती, विहिरीला पाणी होतं, आणि आल्याचा प्लॉट असा राखलेला की येणारा-जाणारा बांधावर थांबायचा. एक दिवस ते स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, "टँकरशेठ, तुझी घाण माझ्या रानात टाक. ओढ्याला कशाला देतोस?"

मला ओझं टाकायला जागाच हवी होती. पण मी तसं दाखवतोय होय? पोरवयात सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलली आहेत मी. तिथं दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटांवर सौदा कसा करतात, ते पाहत पाहत शिकलो. मेजरांपुढंही मी खांद्यावरचा टॉवेल धरला. ते हसले, हात घातला, आणि जी वस्तू मी फुकट ओतून आलो असतो तिच्या बदल्यात मी त्यांच्याकडून दरसालचं आल्याचं पोतं मिळवलं. "लय चालू हायस गड्या," म्हणाले. पण आनंदानं म्हणाले.

पहिल्या खेपेला ते बांधावर आरती घेऊन उभे. टँकरला हळदकुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला. मैल्याच्या गाडीपुढं नारळ! बांधावर जमलेले लोक खो-खो हसले. मेजर म्हणाले, "हसा. उद्या ह्येच आलं च्यात घालून पिताय, तवा बी हसा." माझ्या गाडीला त्याआधी कुणी हात लावला नव्हता, आणि ह्या माणसानं कुंकू लावलं. खोबऱ्याची वाटी माझ्या हातावर ठेवली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढचं वाचताना विसरू नका. मीही विसरलो नव्हतो — तरीही केलं.

काय केलं? सांगतो.

हायवेवर एक कारखाना होता. नाव लिहीत नाही. त्यांना त्यांचं पाणी बाहेर काढायचं होतं आणि कागदावर ते दिसायला नको होतं. माझ्या टँकरवर "मैला" असं लिहिलेलं. त्याच्या आत कोण वाकून बघणार? मी हो म्हणालो. अडचण होती म्हणून नव्हे. घरी खायला होतं, गाडीचं कर्ज फिटलेलं होतं. आयता सौदा चालून आला, आणि सौदा सोडणं मला कधी जमलं नाही. बस्स.

ते पाणी मैल्यासारखं नव्हतं. घाण वास नव्हता, पण डोळ्यांत चुरचुरायचं. माझा रबरी पाइप त्यानं काही दिवसांत कडक झाला, वाकवला की तडकायचा. रबराचं जे झालं ते मातीचं होणार नाही, असं मला वाटलं असेल का? नाही. मला कळत होतं. ओढ्यात सोडावं तर काठावर धुणं धुणाऱ्या बायका ओरडतील. मेजरांच्या रानात चर मोकळे होते, आणि तिथं मला कुणी अडवणार नव्हतं. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी ते तिथं सोडलं. एकदा नाही. तो सगळा उन्हाळा.

मेजर चरापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "आज वास येईना रं?"

मी म्हणालो, "जुनी टाकी हाय मेजर. मुरलेला मैला. मुरला की वास मरतोय."

आता यातलं बारकं बघा. हे खरंच आहे. जुन्या टाकीतल्या मुरलेल्या मैल्याला वास कमीच असतो. धंद्यातलं खरं ज्ञान मी खोट्याला ठिगळ म्हणून लावलं. मेजरांनी मान डोलावली. वर म्हणाले, "तुला म्हाईत, बाबा."

आलं उगवलं, वीतभर झालं आणि पिवळं पडलं. उपटून बघितलं तर गड्डा खाली काळा, पाण्यासारखा. दुसरं पीक घेतलं, तेही गेलं. मग विहिरीच्या पाण्यावर तेलकट साय धरायला लागली. म्हैस तोंड लावून मागं सरकली. मेजरांना वाटलं, मैला जास्त झाला, रान जळलं. गावालाही तेच वाटलं. मी कुणाच्या मनात काही भरवलं नाही — मी फक्त गप्प बसलो. गप्प बसायला अक्कल लागत नाही.

इथवरचं पाप एका रानापुरतं होतं. पुढचं मोठं आहे.

त्याच सुमारास सरकारी आराखडा आला. तालुक्यातली गावं एकत्र करायची, सगळ्यांच्या टाक्यांचा मैला एका ठिकाणी न्यायचा, तिथं तो सुकवायचा, शुद्ध करायचा, पाणी वेगळं काढायचं आणि निर्धोक झालेलं खत शेतकऱ्याला द्यायचं. दर घराची टाकी ठरलेल्या वर्षी उपसायची, तुंबायची वाट बघायची नाही. आज-उद्याची सोय नव्हती ती, पोरांच्या पोरांपर्यंतचा विचार होता. आणि जागा ठरली मेजरांच्याच गावचं गायरान.

आराखडा करणाऱ्या एक इंजिनिअर मॅडम होत्या. तरुण, पण बोलणं नेमकं. टँकरवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून मला बैठकीला बोलावलं. पहिल्यांदा खुर्ची मिळाली, चहा मिळाला. कुठल्या आळीत टाकी कुठं पुरलीय, कुठल्या बोळात गाडी शिरते, सगळं मी सांगितलं. वाहतुकीचं काम स्थानिकांनाच मिळेल, असं तिथल्या साहेबानं मला तोंडावर सांगितलं. मी दुसऱ्या टँकरची बोलणीही सुरू केली. आणि मग टेंडर निघालं. त्यातल्या अटी अशा की माझ्यासारखा उंबरठ्याशीच अडावा. काम बाहेरच्या कंपनीला जाणार हे उघड होतं. साहेबाला विचारलं तर म्हणाला, "अटी वरून आल्यात." मी टेबलावर हात आपटून बाहेर पडलो. माझ्याकडून गावाचं पोट समजून घेतलं आणि मलाच दाराबाहेर उभं केलं. हा अन्याय होता. आजही म्हणतो, होता. पण त्या अन्यायाचा मी काय उपयोग केला, ते ऐका.

गायरानाच्या ठरावासाठी ग्रामसभा बसली. मारुतीच्या देवळापुढं मांडव, बायकाही आल्या होत्या, आणि टँकरवाला म्हणून मीही जाऊन बसलो होतो. मॅडमनी सगळं समजावलं. लोक वळत चालले होते, मला दिसत होतं. तेवढ्यात मेजर उठले. त्यांनी ओरडून काही सांगितलं नाही. पिशवीतनं माती काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही माझ्या रानातली हाय. हिच्यात गवात बी उगवंना. एका टँकरवाल्याच्या मैल्यानं ही गत. तुमी समद्या तालुक्याचा हितं आणणार?"

मॅडम गोंधळल्या. माती हातात घेतली, वास घेतला. मग मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "मैल्यानं असं होत नाही. यांच्या रानात तुम्ही नक्की काय टाकलं होतं?"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. एक वाक्य पुरलं असतं. मेजरांना कळलं असतं आपलं रान कशानं मेलं, मातीची तपासणी झाली असती, कारखान्याला जाब विचारता आला असता, गायरानावर प्रकल्प उभा राहिला असता. माझा परवाना गेला असता. कदाचित मी आत गेलो असतो. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं, आणि त्याच्या शेजारी त्या साहेबाचं तोंडही दिसलं — अटी वरून आल्यात म्हणणारं. होऊच नये तुमचा प्रकल्प, असं मनात आलं. भीती किती आणि खुन्नस किती, याची वाटणी मी पुष्कळदा करून बघितली. होत नाही.

मी म्हणालो, "संडासाचंच. दुसरं काय असणार?"

आणि माझ्या बाजूनं उभं कोण राहिलं? मेजर. "त्याला कशाला बोलताय? त्यो खरा माणूस हाय. मीच मागितलं हुतं."

प्रकल्प नको, असा ठराव झाला. हात वर करताना मीही केला. गाव माझं नसताना केला, कुणी बघितलं नाही. मॅडम कागद गोळा करत होत्या. जाताना माझ्यापाशी थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि गेल्या. शिवी दिली असती तर मी उलटी दिली असती. मला तीच सवय आहे.

तेव्हापासून काय चाललंय? जे चाललं होतं तेच. गायरानात बाभळी, आणि तालुक्याचा मैला ओढ्यात. ओढा येरळेत, येरळा खाली सांगलीकडं. माझी पोरगी त्याच नदीकाठच्या गावात दिलीय. पाण्याचा जार विकत घेतात. परवा म्हणाली, "आण्णा, तुमच्याकडनं काय काय सोडतात ओ नदीत?" मी फोनवर हसलो.

मेजरांनी पेन्शनीतून तळ्यातला गाळ आणून रानावर पसरला. मी ट्रॉली दिली, भाडं घेतलं नाही. त्यावर ते गावभर सांगत सुटले — टँकरशेठ देवमाणूस. दिवाळीला माझ्याकडं आल्याचं पोतं येतं अजून. सौद्यातलं. स्वतःच्या रानात येत नाही म्हणून बाजारातनं विकत घेऊन पाठवतात. शब्द दिलाय म्हणतात. आमच्या घरी त्या आल्याचा चहा होतो. मी पितो.

आता आराखडा पुन्हा आलाय. मॅडम बदलून गेल्या, नवे साहेब आलेत. गायरान तेच. ग्रामसभेची दवंडी झाली. काल मेजर घरी आले होते. काठी टेकत आले, कारण गाडीवर बसवत नाही. म्हणाले, "माती घेऊन जातोय परत. तू माझ्या शेजारी बस. साक्षीला कोन तरी पायजे." मी हो म्हटलं.

बसणार आहे. माझ्याकडं बघून तो प्रश्न पुन्हा विचारा — नव्या साहेबांनी विचारा, मेजरांनी विचारा, बांधावर हसलेल्यांनी विचारा. सगळ्यांदेखत विचारा, आणि मी "दुसरं काय असणार" म्हणालो तर मला खाली बसू देऊ नका. ज्यानं कारखान्याचा नळ सोडला त्याला विचारायचं ते नंतर. ज्यानं टेंडरच्या अटी घातल्या त्यालाही नंतर. त्यांच्या पाठीमागं मी पुष्कळ वर्षं लपलो. आधी उत्तर मी द्यायचं आहे, उभं राहून, मेजरांच्या शेजारी — त्यांच्या रानात काय ओतलं.