फागूच्या ठिपक्यातला तांदूळ

…तर मग फागूने बांबूची काडी दाताने चावली. टोकाचे तंतू सुटले, त्यातले तीनच ठेवले, आणि ती काडी तांदळाच्या पिठात बुडवून माझ्या उघड्या घड्याळातल्या चाकाला एक ठिपका दिला. काल इथवर आलो होतो आणि तव्यावर भाकरी करपली म्हणून उठावं लागलं. आज भाकरी आधीच खाऊन बसलो आहे.

फागू म्हणजे खोडाळ्याच्या बाजारात किराणा दुकानाच्या ओट्यावर टेबल मांडून बसतो तो घड्याळवाला. आम्ही दोघे एकाच आश्रमशाळेत सातवीपर्यंत. पुढे मी नागलीच्या शेतात गेलो, आणि तो मुंबईला एका घड्याळजीच्या हाताखाली सहा वर्षं राहून परत आला. येताना एक डोळ्याचं भिंग, दोन चिमटे आणि थोडी हिंदी घेऊन आला. हिंदी संपली, भिंग अजून आहे. घरोघर मोबाईल आले तेव्हा लोक म्हणाले, आता फागू बसला. पण आमच्याकडे लग्नात मिळालेलं घड्याळ कोणी टाकत नाही. बंद पडलेलं असलं तरी पाहुण्यांकडे जाताना हातात बांधतात, आणि चालू असलं तर त्यात बघतातसुद्धा.

त्याची विद्या साधी आहे. चावीच्या घड्याळात एक चाक झोपाळ्यासारखं डोलत असतं आणि त्याला केसासारखी बारीक स्प्रिंग असते, तिला ते लोक बालकमानी म्हणतात. चाक हलकं झालं की भराभर डोलतं, घड्याळ पुढे पळतं. जड झालं की रेंगाळतं. माझ्या घड्याळाची बालकमानी एकदा तुटली. फागूने तुटका तुकडा फेकला आणि उरलेली बसवली. ती आखूड झाली, तसं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जायला लागलं.

"सुकऱ्या, तुला जन्मात घाई नाय," फागू बोलला, "मग तुझ्या घड्याळाला कशाला पाहिजे?"

आणि आमच्या बाया लग्नघराच्या भिंतीवर चित्रं काढायला जसं तांदळाचं पीठ कालवतात, तसं त्याने कालवलं, त्यात चिमूटभर डिंक घातला आणि चाकाच्या कडेला समोरासमोर ठिपके दिले. चाक जड झालं, घड्याळ वळणावर आलं. गेल्या चाळीस वर्षांत खोडाळ्याच्या आसपास फागूच्या हाताखालून गेलेलं आणि तांदूळ न खाल्लेलं घड्याळ मिळणं कठीण.

एकच खोड होती. पावसाळ्यात ठिपके ओल धरायचे, जड व्हायचे आणि घड्याळ मागे पडायचं. उन्हाळ्यात वाळून पुढे पळायचं. पण पावसाळ्यात आमचा रस्ता मागे पडतो, एसटी मागे पडते, मास्तर तर दोन दोन दिवस मागे पडतात. त्यात घड्याळ मागे पडलं म्हणून तक्रार कोण करणार?

तक्रार केली ती त्याच्याच नातीने. रविना नाशिकला एका छोट्या कारखान्यात लागली आहे. तिथे चावीची घड्याळं लेझरने वळणावर आणतात. एक यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकतं, चूक पडद्यावर लिहितं, आणि मग लेझरचा किरण त्या डोलत्या चाकाची डोळ्याला न दिसेल एवढी कणी जाळून टाकतो. हात लावायला नको. मागच्या होळीला ती घरी आली तेव्हा तिने आजाला ठिपका देताना पाहिलं.

"आजा, तुझा ठिपका आता शेजारच्या चाकावर पडतो. मोतीबिंदू वाढलाय. पावसात त्या ओट्यावर बसतोस, खोकला जात नाय. टेबल उचल आता."

"माझा कान शाबूत हाय."

"मग माझं यंत्र आणि तुझा कान, होऊन जाऊ दे. तुझं घड्याळ दिवसाला एका मिनिटाच्या वर चुकलं तर टेबल उचलायचा. नाय चुकलं तर मी परत तोंड उघडणार नाय."

फागू हो बोलला. माणूस टेबलाशिवाय राहू शकेल असं मला वाटत नव्हतं. त्याची बायको राही सांगते, तो जेवायलासुद्धा पाटाऐवजी ते टेबल मागतो. आणि परीक्षेला घड्याळ कुणाचं निवडलं? माझं.

आषाढात त्या कारखान्याची गाडी रविनाला घेऊन जव्हारला आली. कामाला मुली हव्या होत्या, म्हणून यंत्र गाडीत घालून दाखवायला आणलेलं. फागूने माझं घड्याळ पावसाची ओल धरूनच लावून ठेवलं आणि आम्ही एसटीने निघालो. फागू सबंध वाटभर माझं मनगट कानाशी धरून बसला. मोखाड्याला चढलेली एक बाई बराच वेळ बघत राहिली आणि शेवटी मला न विचारता त्यालाच विचारलं, "म्हातारा दवाखान्यापर्यंत टिकेल ना?"

"बारा सेकंद पुढं हाय, पण टिकेल," फागू बोलला.

जव्हारला धुकं इतकं की गाडी हाताला लागली तेव्हाच सापडली. आत मात्र कोरडी थंडी, कारण त्या यंत्राला दमट हवा सोसत नाही. कारखान्याचे साहेब भले माणूस. त्यांनी घड्याळ यंत्रावर ठेवलं. पडद्यावर आकडा आला: दिवसाला बारा सेकंद पुढे.

साहेब उडालेच. "आजोबा, हे कुठल्या यंत्रावर लावलं?"

"काडीवर."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. फागूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही यंत्र त्याचं आहे आणि नात माझी.

पण रविना हुशार, त्याच्याच रक्ताची. "सर, नियमाने दोनदा मोजायला लागतं," ती बोलली. घड्याळ गाडीतच ठेवून आम्ही भजी खायला गेलो. भजीवाल्याचा स्टोव्ह ओला, त्यात तीन तास गेले. परत येऊन मोजलं तर चौऱ्याहत्तर सेकंद पुढे.

फागू पडद्याला नाक लावून उभा राहिला. "घड्याळाला थंडी वाजली," तो हळूच बोलला. पण त्याला कळलं होतं. त्या कोरड्या गारव्यात ठिपके सुकले होते.

साहेबांनी घड्याळ उघडून पडद्यावर मोठं करून दाखवलं. चाकाच्या कडेला पांढरे ढीग.

"अरेरे, बुरशी!"

"बुरशी कशी असेल?" फागू तापला. "राहीनं जात्यावर दळलेला तांदूळ हाय तो! चाळून घेतलेला!"

साहेब म्हणाले, रविना, आधी हे साफ कर. रविनाने बटण दाबलं. टिक्. धुराचा एक दोरा वर आला आणि सबंध गाडीत भाजल्या पापडाचा वास सुटला. बाहेर रांगेत उभ्या मुलींपैकी एकीने आत डोकावून विचारलं, "जेवण पण देता का?"

तांदूळ संपला आणि घड्याळ मूळपदावर आलं, म्हणजे रोज पाच मिनिटं पुढे.

"आता लेझरने बरोबर करून टाक," साहेब म्हणाले.

"सर, लेझर नुसतं काढतं. आणखी काढलं तर आणखी पळेल."

"मग घालायचं कसं?"

यंत्र आपलं गुणगुणत होतं. फागूने सदऱ्याच्या खिशातून चुन्याची डबी काढली. तिच्यात चुना नव्हता, पीठ होतं. काडी कानावर होतीच. पण डोळा अधू आणि थंडीने हात कापत होता. ठिपके पडले ते ढेकळासारखे. वाळल्यावर मोजलं तर घड्याळ दोन मिनिटं मागे.

"आजा, ठिपका दिलास की लादी बसवलीस?" रविना हसायला लागली. "सरक आता, माझी पाळी."

मग जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. ती लेझरने तांदळाची कणी कणी उडवत होती आणि तो कान लावून सांगत होता, "या बाजूची अजून एक… आता समोरची… थांब, थांब!" तो थांब बोलला की मगच पडद्यावर आकडा हलायचा. शेवटी एक सेकंद उरला. दिवसाला एक सेकंद! साहेबांनी तीनदा मोजलं आणि विचारलं, तांदूळ कुठला.

फागू डबी खिशात घालत होता, तेव्हा रविना आडवी आली.

"आजा, आपलं काय ठरलेलं? चौऱ्याहत्तर म्हणजे एका मिनिटाच्या वर. टेबल कधी उचलतोस?"

फागूने भिंग डोळ्यावरून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि बोलला, "उचलतो ना बाई. आजच उचलतो आणि इथं, तुझ्या यंत्राच्या बाजूला आणून मांडतो. तुझा यंत्र नुसता काढून घेतो, घालणारा पण कुणी पाहिजे ना? फक्त तुझ्या साहेबाला सांग, ती थंडी जरा कमी कर, आमच्या तांदळाला सोसत नाय."