पडून पाहिलेली बोट

साहेब बोटीत उभे होते आणि बोट चिखलात उभी होती. काठापासून अंतर असेल साठ-सत्तर पावलं. इंजिन नुसतंच घुरघुरत मागे काळा चिखल उडवत होतं, आणि त्याचे शिंतोडे साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर पडत होते.

"वैरागडे!" साहेब तिथून ओरडले. "इथे पाणी किती आहे?"

"दोन फूट, सर," मी काठावरून ओरडलो.

"आणि ही बोट किती बुडते?"

"अडीच फूट, सर."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

सांगितलं होतं. तीनदा, लेखी. पण वरिष्ठ चिखलात अडकलेले असताना जावक क्रमांक सांगायचा नसतो, एवढी अक्कल मला आठ वर्षांच्या नोकरीत आली होती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. मासेमारीशी संबंधित एका सरकारी खात्यात मी नागपूरला असिस्टंट होतो. "मी मासे खात्यात आहे," असं सांगितलं की समोरचा म्हणायचा, "आम्ही पण खातो, पण पगार नाही मिळत." माझा जन्म नागपूरच्या महाल भागातला. पाणी म्हणजे सकाळी नळाला तासभर येतं ते. मला पोहता येत नव्हतं. ऑफिसात कुणालाच येत नव्हतं. आमचं मुख्य काम मासेमारांना सल्ला देणं हे होतं.

उमरेड रोडने पस्तीसेक मैलांवर एक धरण नुकतंच भरू लागलं होतं. तिथल्या ढीवरांची एक सोसायटी होती. अध्यक्ष सुकाजी नान्हे, साठीचा, उन्हात वाळवलेल्या मासळीसारखा काटक माणूस. हे लोक डोंग्यातून मासे पकडत. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी. वीतभर पाण्यातही चालते, पण वाऱ्यात लोळते. आदल्या मे महिन्यात अचानक वारा सुटला, डोंगा उलटला आणि सोसायटीचा गणपत नावाचा माणूस गेला. त्यानंतर सोसायटीने अर्जामागून अर्ज केले आणि शेवटी एक बोट मंजूर झाली. ती पास झाली तर तशाच अकरा बोटी विदर्भातल्या दुसऱ्या तलावांवर जाणार होत्या. म्हणजे मी चुकलो, तर बारा ठिकाणी चुकणार होतो.

बोट निवडताना दोन आकडे बघायचे, असं मी पुस्तकातून शिकलो होतो. एक ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्याखाली किती बुडते. दुसरा फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यापासून बोटीचा काठ किती उंच आहे. उथळ पाण्यासाठी ड्राफ्ट कमी हवा. हे मी लिहून दिलं. पण आमचे सावंत साहेब कोकणातले. तलाव म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठं डबकं. त्यातच मुंबईच्या एका कंपनीचे चिटणीस नावाचे एजंट गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग घेऊन आले. त्यात एक निळी-पांढरी बोट लाटांवर उडत होती.

"ही खाडीत चालते, समुद्रात चालते, साहेब," चिटणीस म्हणाले. "तळ व्ही आकाराचा. लाट कापत जाते."

"वैरागडे, याला म्हणतात बोट," साहेब म्हणाले.

"सर, आपल्याकडे लाट नाही. चिखल आहे, आणि पाण्याखाली बुडालेल्या जंगलाचे खुंट आहेत."

"मग चिखल कापेल!"

तर चिखल कापायला आलेली ती बोट आता चिखलात बसली होती. चिटणीस इंजिनाशी झटत होते. काठावर सोसायटीची पंचवीस-तीस माणसं तोंडावर हात ठेवून उभी होती. तेवढ्यात साहेबांनी बूट काढले.

"सर, उतरू नका!"

"मी कोकणातला माणूस आहे, वैरागडे!" असं म्हणून ते उतरले आणि मांड्यांपर्यंत चिखलात गेले. पण माणूस जिद्दी. खांदा लावून त्यांनी बोट ढकलली. साहेबांचं वजन कमी झाल्यामुळे बोट मोकळी झाली, मागे सरकली, आणि साहेबांना घेऊनच जुन्या नाल्याच्या पात्रावर गेली. तिथे पाणी दोन पुरुष खोल. साहेब दोन्ही हातांनी बोटीच्या काठाला लोंबकळले.

तो काठ पाण्यापासून चांगला तीन फूट उंच होता. साहेब वर चढायला बघत आणि पुन्हा खाली येत. पाय टेकायला काही नाही. चिटणिसांनी कॉलर धरून ओढलं, तर कॉलर तेवढी हातात आली. पहिल्यांदा सगळे हसले. साहेब दुसऱ्यांदा घसरले तेव्हा थोडे हसले. तिसऱ्यांदा त्यांचं डोकं पाण्याखाली जाऊन वर आलं, तेव्हा कुणीच हसलं नाही.

सुकाजी डोंगा घेऊन केव्हा निघाला ते मी पाहिलंच नाही. जवळ जाऊन तो म्हणाला, "साहेब, वर चढू नोका. डोंग्याचं शेपूट धरा फक्त. मी वढत नेतो तुमाले."

साहेब आज्ञाधारकपणे शेपूट धरून काठाला आले. जमिनीवर बसून त्यांनी खूप वेळ श्वास घेतला. मग गर्दीतून एक बाई पुढे आली. तिशीची असेल. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, हातात जाळं विणायची सुई.

"मंग, हिच्यात बी पडल्यावर चढता येत नाई," ती सुकाजीला म्हणाली.

"थांब वं काशी," सुकाजी म्हणाला. "साहेबाले दम खाऊ दे."

"बोलू द्या त्यांना," साहेब म्हणाले. "काय म्हणालात, बाई?"

"माह्या मालकाले पोयता येत होतं, साहेब. आमच्यात सगळ्यायलेच येते. तो बुडून नाई मेला. डोंग्याले धरून होता, काठावरून दिसत होता. चढाले गेला की डोंगा लोये. पुन्ना पडे. पुन्ना चढे. थकला अन् सुटला हात." तिने सुई कमरेला खोचली. "तुमी लोक बोट किती बुडते, किती पयते, तेच मोजून राहिले. मानूस वर कसा चढन, ते कोनीच पायत नाई."

ही गणपतची बायको काशीबाई, हे मला तेव्हा कळलं. माझ्या फायलीत गणपतच्या मृत्यूवर अर्धं पान होतं. कारण : 'पाण्यात पडल्याने'.

साहेबांनी त्याच संध्याकाळी निळी-पांढरी बोट परत पाठवली. चिटणीस म्हणाले, "साहेब, कंपनी हिच्यासोबत छत्री फ्री देते." साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते छत्रीसकट गेले.

आता माझी पाळी होती. मी ठरवलं, आपण तळ सपाट ठेवायचा आणि काठ बुटका. महालात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बबनचं वर्कशॉप होतं. तो कूलर बनवायचा. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरवाल्याचा मान डॉक्टरच्या खालोखाल. मी त्याला कागदावर चित्र काढून दिलं.

"भाऊ, हा त कूलरचा टब आहे," बबन म्हणाला. "फक्त बारा फुटाचा."

"तुला जमेल की नाही?"

"जमते ना. कूलरमधलं पानी बाहेर येऊ नये म्हून बनवतो, आता बाहेरचं आत येऊ नये म्हून बनवू. शीट तेच, वेल्डिंग तेच."

तीन आठवड्यांत बोट तयार झाली. ट्रकवरून ती महालातून नेली तेव्हा लोकांनी विचारलं, एवढा मोठा कूलर कुठल्या मंत्र्याचा. तलावावर तिने कमाल केली. वीतभर पाण्यात तरंगली. खुंटांवरून घासत गेली, पण अडकली नाही. मी काठावर हात मागे बांधून उभा होतो. मनातल्या मनात बढतीचं पत्रही वाचून झालं होतं.

सुकाजी बोट मध्यापर्यंत घेऊन गेला. थोडा वारा आला तशी ती परातीसारखी आडवी सरकू लागली. तो पूर्वेला वल्हवी आणि बोट दक्षिणेला जाई. परत आल्यावर तो म्हणाला, "चांगली आहे, साहेब. फक्त वाऱ्याले विचारून निंघा लागन."

"ते सुधारता येईल," मी म्हणालो.

काशीबाई पुढे आली. "आता तुमी पडा."

"मी? मला पोहता येत नाही."

"त काय झालं? टूब बांधतो. ज्याले पोयता येते तो कसाबी चढते. तुमाले जमलं त समद्यायले जमन."

यावर मी साहेबांकडे आशेने पाहिलं. साहेब म्हणाले, "वैरागडे, बाईंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

माझ्या कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब बांधली. मला दीड पुरुष खोल पाण्यात नेलं, आणि सुकाजीने हलकेच, जवळजवळ प्रेमाने, बोटीतून ढकललं. वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी आणि कानात अख्ख्या सोसायटीचं हसू. काठ बुटका होता, हात पोचला. मी जोर लावला. बोट माझ्या बाजूला कलंडली, अर्धं पाणी आत घेतलं आणि उरलेलं माझ्या डोक्यावर ओतलं. दुसऱ्यांदा ती नुसतीच लांब सरकली. तिसऱ्यांदा पत्र्याच्या धारेने तळहात कापला. ट्यूब नसती तर मी चौथ्यांदा काही लिहायला उरलो नसतो. तिथे, पाण्यात, मला पहिल्यांदा कळलं की गणपत किती वेळ धरून राहिला असेल. अर्ध्या पानात ते मावण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर हाताला फडकं बांधत काशीबाई म्हणाली, "कळलं?"

"कळलं."

"मंग आता आमाले विचारून बनवा."

बबनला मी तलावावरच आणलं. तो, सुकाजी आणि काशीबाई तीन दिवस चिखलात काडीने चित्रं काढून भांडत होते. मी फक्त मापं लिहून घेतली. खात्यातलं माझं सगळ्यात उपयोगी काम बहुधा तेच.

"समोर टोक पायजे," सुकाजी म्हणाला. "वाऱ्यात सीधी चालली पायजे."

"अन् मांगं सपाट," काशीबाई म्हणाली. "जाळं वढतानी उभं राहता आलं पायजे."

म्हणजे पुढून चिटणिसांची बोट आणि मागून माझी, असं झालं. तळाला पुढून मागे एक बारीक कणा, आडवं सरकू नये म्हणून. मागच्या भागात उजवीकडचा काठ हातभर लांब कापून खाली घेतला, जाळं ओढायला आणि माणूस चढायला. त्याच्या खाली, पाण्यात, पाइपची एक पायरी. एसटीच्या मागे टपावर चढायला शिडी असते, तिची खालची पायरी समजा. त्या कापलेल्या काठाच्या दोन्ही अंगांना बाहेरून हवाबंद डबे बसवले, चढणाऱ्याच्या वजनाने बोट कलंडू नये म्हणून. बबनने पत्र्याची प्रत्येक धार पाइपभोवती वळवली. माझ्या हाताकडे बघत वळवली.

तिसऱ्या चाचणीला मी शर्ट काढू लागलो, तर काशीबाईने थांबवलं.

"राहू द्या, साहेब. मले पाहू द्या."

"वैनीबाई, लुगड्यात?" बबन म्हणाला. "वल्लं झालं की जड होते ना ते."

"म्हूनच."

सुकाजीने तिला बोटीतून नाल्याच्या पात्रावर नेलं. ती बोटीच्या काठावर क्षणभर बसली आणि सरळ पाण्यात गेली. वर आली. हात खालच्या काठावर पडला. एक पाय पाण्यात चाचपडला, पायरी सापडली. भिजलेल्या लुगड्याचं ओझं घेऊन ती उठली, बोट जरा झुकली आणि तशीच थांबली. ती आत येऊन बसली.

काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोटीत ती बराच वेळ त्या कापलेल्या काठावरून हात फिरवत बसली होती. मग उठली आणि पुन्हा उडी मारली. पुन्हा चढली. असं तिने चार वेळा केलं. सुकाजी तिला थांबवत नव्हता आणि आम्हीही नाही. साहेब गॉगल पुसत होते. ऊन होतं, आणि गॉगल स्वच्छच होता.

बोट पास झाली. त्याच मापाच्या अकरा बोटी बबनने बनवल्या. त्या उन्हाळ्यात त्याने कूलरच्या ऑर्डरी परत पाठवल्या, आणि अर्धा महाल घामाघूम होऊन मला शिव्या देत होता. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून शेरा आला, 'बोटीचे स्वरूप आकर्षक नाही.' ते खरंच होतं.

पुढच्या मे महिन्यात वारा सुटला तेव्हा सुकाजी स्वतः पाण्यात पडला. चढला, आणि घरी आला. मला हे आठ दिवसांनी कळलं, तेही तो बिडीचं अख्खं बंडल भिजलं म्हणून कुरकुरत होता म्हणून. त्याची नोंद कुठेच झाली नाही. माणूस जिवंत घरी येतो तेव्हा फाइल उघडत नाही.

दोन वर्षांनी मुंबईचं पत्र आलं. सदर बोटींवर आजवर एकही अपघात झालेला नाही, सबब पुढील बोटींत पायरीची आवश्यकता नसल्याचे खरेदी समितीस दिसते, अभिप्राय कळवावा. मी मसुदा करायला बसलो. साहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकच ओळ लिहिली : 'पायरीची आवश्यकता समितीने प्रत्यक्ष पाण्यात पडून तपासावी.'

समिती आली नाही. पायरी राहिली.

रिटायर झाल्यावरही कुणी ना कुणी विचारतं, लहान बोट घ्यायची तर काय बघावं. मी ड्राफ्ट सांगतो, फ्रीबोर्ड सांगतो. मग सांगतो की कॅटलॉगमधला माणूस नेहमी बोटीच्या आत बसलेला असतो. तुम्ही पैसे देण्याआधी एकदा बाहेर पडून बघा. बहुतेक जण हसतात आणि रंग कोणता घ्यावा ते विचारतात.