हैबतीबाबांचे तळपाय

हैबतीबाबांना ऐकू येत नाही, असे माझ्या मुलाने, कुंडलिकने, भोरच्या कचेरीला लिहून कळवले. त्यात खोटे काही नव्हते. तीस वर्षे सुरुंग लावून त्यांचे दोन्ही कान गेले आहेत. यंदा, १९५६ साली, मार्गासनीच्या पुढे वेल्ह्याच्या बाजूला रस्त्यासाठी खडक फोडायचे काम निघाले. सुरुंग लावायला साठी उलटलेले हैबतीबाबा आणि त्यांच्यावर साहेब म्हणून चोविशीतला कुंडलिक, पुण्याहून नुकताच ओव्हरसियर होऊन आलेला.

वाती पेटवल्या की हैबतीबाबा आडोशाला येत, वहाणा काढत आणि खडकावर अनवाणी उभे राहून प्रत्येक सुरुंगाचा हादरा तळपायांनी मोजत. वाती तितके हादरे भरले तरच माणसे पुढे जात. एक जरी कमी पडला, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत ते कुणाला तिकडे फिरकू देत नसत.

कुंडलिक कानांनी मोजायचा, वहीत रेघा ओढून. सोनबा नावाचा कामकरी त्याला खूश करायला म्हणायचा, "सायेब, म्हाताऱ्याच्या पायाला कान फुटल्यात." कुंडलिक घरी येऊन ते सांगायचा. मीही एकदा हसले होते.

माघातल्या एका दुपारी सात वाती पेटल्या. कुंडलिकने सात आवाज मोजले.

"सा," हैबतीबाबा म्हणाले. "सातवा डोंगराचा."

समोरच्या कड्यावरून आवाज परत येतो, तो डोंगराचा. कुंडलिकने वही पुढे केली, पण त्यांना आकडे वाचता येत नव्हते. तो तसाच निघाला, तेव्हा म्हातारा पायवाटेवर आडवा झाला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. माणसाला ओलांडू नये, हे मीच कुंडलिकला लहानपणी शिकवलेले. तो चिडून परत आला आणि त्याच संध्याकाळी त्याने ते पत्र लिहिले. मी ते वाचून त्यातल्या दोन चुका सुधारून दिल्या.

सकाळी सातव्या भोकात दारू जशीच्या तशी सापडली.

कुंडलिक दोन दिवस नीट जेवला नाही. पहिले पत्र रद्द समजावे म्हणून त्याने दुसरे धाडले, पण हुकूम पहिल्यावरच आला: बहिऱ्या माणसाला सुरुंगावर ठेवू नये, मोजणी ओव्हरसियरने करावी. शेवटच्या दिवशी हैबतीबाबांनी त्याला शेजारी अनवाणी उभे केले. घरी येऊन तो म्हणाला, मला सगळा एकच हादरा वाटतो.

आज मी हैबतीबाबांच्या घरी गेले. हातवारे करून, ओरडून विनवले, की उद्या नुसते येऊन उभे राहा. नाव कमी झाल्यावर चौकीदार आत सोडत नाही, म्हणाले. मग मी विचारले, हे शिकायला किती दिवस लागतात?

"धा-बारा वर्सं," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "आन् दोन माणसं गेली, बाई."

मी उठून घरी आले.

उद्या नऊ सुरुंग आहेत. प्रत्येक वेळी सकाळपर्यंत थांबायला कंत्राटदार कबूल नाही. निदान शंका आली तरी थांब, असे मी कुंडलिकला जेवताना सांगितले.

"शंका आली तर थांबेनच," तो म्हणाला. "पण ती यायला हवी ना, आई."