अण्णांच्या सोवळ्यात कुत्रं

चामराजपेटेतल्या कल्पनाअक्काच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या भावाच्या एका फोननं. सुमंत राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, महिन्यातून एकदा उगवतो. म्हणाला, "अण्णा दिवसभर गप्प असतात. त्यांना सोबतीला छोटं कुत्रं घेऊ या."

सोबतीला म्हणे. मग गेली बावीस वर्षं ही बाई काय गोट्या खेळत होती? बँकेतली नोकरी सांभाळून वडिलांचं पथ्य, औषधं, डोळ्यांतले थेंब, सगळं तिनंच केलं. त्यात लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. तिला असा राग आला की दुपारचं जेवण गेलं नाही.

पण अक्का काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. हो म्हणाली. एवढंच म्हणाली की निवड मी करणार.

रविवारी दोघं भावंडं जयनगरला स्मृतीबाईंकडे गेली. लोकांनी टाकून दिलेली कुत्री त्या घरी सांभाळतात आणि चांगलं घर बघून देतात. बाईंनी नीट समजावलं, "म्हाताऱ्या माणसाला पिल्लू नको, दमवतं. वयानं मोठं, शांत, पायात न येणारं घ्या." आणि नऊ वर्षांची एक करडी कुत्री दाखवली. शहाणी, कोपऱ्यात बसून राहणारी. अण्णांना ही आवडणार, हे अक्काला तिथल्या तिथे कळलं. म्हणून तिनं ती नाकारली.

तिची नजर गेली एका पांढऱ्या, बुटक्या कुत्र्यावर. कोणीही बसलं की हा अंगावर.

"हा स्वल्प चिकट आहे," बाई म्हणाल्या.

"सरी, चालेल, हाच द्या."

डाव सरळ होता. अण्णा सोवळ्याचे पक्के. सकाळी आंघोळ करून मुकटा नेसले की पूजा आटपेपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. भटजी भीमाचार्यसुद्धा हातभर लांबून बोलतात. तिथे कुत्रं शिवलं की संध्याकाळच्या आत त्याची रवानगी जयनगरला. मनातून तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण मत्सरापुढे लाजेचं काय चालणार?

दुसऱ्या दिवशी अण्णा देवांपुढे बसले आणि अक्कानं मुद्दाम दार उघडं टाकलं. कुत्रं धावत आत गेलं. ती स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहिली. ओरडणं काही ऐकू येईना.

जाऊन बघते तर ते अण्णांच्या मांडीवर, आणि अण्णा त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत.

"अण्णा, सोवळं?"

"परत आंघोळ करीन. मुक्या जिवाला काय कळतंय त्यातलं?"

अक्का उंबऱ्यातच थांबली. "मला तरी काय कळत होतं? सहा वर्षांची होते. सुमंत झाला आणि आई गेली, त्या महिन्यात तुम्ही असेच पूजेला बसला होतात. मी रडत धावत आले, तर हात आडवा करून 'लांब' म्हणालात."

अण्णांचा हात थांबला. त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. मग पाटावर थोडं सरकले, शेजारची जागा हातानं पुसली आणि म्हणाले, "ये, बस."

अक्का सत्तावन्न वर्षांची होती. तिनं आधी कुत्र्याला उचलून खाली ठेवलं, आणि मग बसली.