ग्रहांच्या आठवड्यात

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या कंपनीत त्याच्याच ग्राइंडिंग मशीनवर उभा होतो. सेकंड शिफ्ट खरं तर त्याची. त्याला संध्याकाळ मोकळी हवी होती म्हणून आठवडाभरासाठी मी ती घेतली आणि माझी फर्स्ट त्याला दिली. "गच्चीवर कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं," एवढंच त्याचा मेहुणा बोलला. दीड महिना झाला. माणूस गेल्यावर चार बरे शब्द लिहायचे असतात, पण मला अजून रागच येतोय... आधी त्याचा, मग माझा.

वीस वर्षं आम्ही एका टूलरूममध्ये काढली. सुपरवायझरने मापं घेऊन पास केलेला जॉबही दिलीप स्वतः पुन्हा मोजायचा. ग्रहतारे बघायच्या दुर्बिणीचा आरसा त्याने घरीच घासला, संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत, पिंपावर काच ठेवून, पिंपाभोवती फिरत फिरत. "एवढ्या प्रदक्षिणा तुळशीला घातल्या असत्या तर पुण्य तरी लागलं असतं," सुनीतावहिनी म्हणायच्या. सात महिन्यांनी त्यातून शनीचं कडं दिसलं, तेव्हा याच वहिनींनी शेजारच्या बायकांना हाका मारून वर बोलावलं.

फेब्रुवारीत ग्रह रांगेत येणार म्हणून सगळीकडे गाजावाजा झाला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून माणसं दिलीपच्या गच्चीवर आली, आकाशात मण्यांची माळ शोधायला लागली आणि "एवढंच?" म्हणून खाली गेली. तो चिडायचा नाही. मावळतीच्या शुक्रापासून डोक्यावरच्या गुरूवरून उगवतीच्या मंगळापर्यंत हात फिरवायचा. "ही त्यांची वाट हाय. सूर्य बी ह्याच वाटेनं जातो," सांगायचा. ऐकायला पाच-सहा जण थांबले तरी खूश.

त्या आठवड्याच्या आधी त्याच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी उद्याच दाखल व्हा, अँजिओग्राफी करू, असं बजावलं होतं. हे त्याने मला कंपनीच्या गेटवर, शिफ्ट बदलून मागताना सांगितलं.

"राव, दवाखाना पुढच्या सोमवारी बी हाय. हे ग्रह असे परत लवकर न्हाई गावायचे."

"वहिनींना सांगितलंस?"

"आता नको. उगं घोर लावून घेईल."

आणि मी काय केलं? बदलीच्या फॉर्मवर सही केली. दोन मायक्रॉन चुकलेला जॉब परत करायला लावणारा माणूस स्वतःच्या छातीबद्दल सोमवारी बघू म्हणतो आणि मी हसून मान डोलावतो. वर त्याला सांगतो, गुरू दिसला की फोटो पाठव. त्याने गुरुवारपर्यंत रोज पाठवले. शुक्रवारी आला नाही.

दहाव्याला घाटावर त्याचा चुलतभाऊ म्हणाला, "ग्रहांनी वढून नेला. शांती करून घ्या." मंगळ कुणाचं वाकडं करत नाही, हे सांगून सांगून दिलीपचा घसा बसला होता आणि त्याच्याच पिंडासमोर हे ऐकायचं. माझा तोल सुटला. "ग्रहांनी काय केलं? डॉक्टर दाखल व्हा म्हणाले होते. तो गेला नाही, आणि मला माहीत असूनही मी शिफ्ट बदलून दिली." वहिनींना हे तेव्हा कळलं. त्या रडल्या नाहीत. "भाऊजी, मला एक फोन केला असता तर ओढत नेलं असतं मी त्यांना," एवढंच म्हणाल्या. याचं उत्तर द्यायला दिलीपने मला मागे ठेवलं, त्याचा राग वेगळाच.

गेल्या रविवारी त्यांनी बोलावून दुर्बीण माझ्या हवाली केली. "घरात नको," म्हणाल्या. तळेगावला माझ्या गच्चीवर, दिवेलागणीला, मी ती गुरूवर धरली. गुरू धुरकट दिसला... मग लक्षात आलं. दिलीपला मोठा नंबर होता आणि तो चष्मा काढून बघायचा. फोकस अजून त्याच्या डोळ्यांना लावलेला होता, त्या शेवटच्या संध्याकाळी लावलेला. बाजूचं चाक जरासं फिरवलं की गुरू मला लख्ख दिसेल, चारही चंद्रांसकट. मी चाकाला हात लावलेला नाही. फिरवलं की दिलीपची नजर गेली ती गेली. रोज संध्याकाळी तसाच धुरकट गुरू बघतो आणि दिलीपला शिव्या घालतो.